आवर्ती कार्यांचे वेळापत्रक (संगणन)

आवर्ती कार्यांचे वेळापत्रक म्हणजे एखादे काम पुन्हा पुन्हा केव्हा करायचे हे संगणकाला सांगणारा नियम होय. रोज रात्री माहितीची प्रत काढून ठेवणे, दर सोमवारी अहवाल पाठवणे, महिन्याच्या पहिल्या तारखेला देयके तयार करणे ही अशा कामांची परिचित उदाहरणे आहेत. नियम लिहिणारी व्यक्ती, तो चालवणारा संगणक आणि त्या कामावर अवलंबून असणारी माणसे निरनिराळ्या देशांत असू शकतात. त्यामुळे नियमातील ‘सकाळी साडेआठ’ हे नेमक्या कोणत्या गावाचे साडेआठ, हा प्रश्न उद्भवतो. नियमाच्या ओळीचा अर्थ लावणे, ती वैध आहे की नाही हे तपासणे आणि तिच्यावरून पुढील नेमका क्षण काढणे अशी तीन कामे संगणकप्रणालीला करावी लागतात.

क्षण आणि नियम यांत मूलभूत फरक आहे. ‘२३ जुलै २०२१, सकाळी ८.३०, भारतीय प्रमाणवेळ’ हा एक क्षण आहे. तो समन्वित वैश्विक वेळेत, म्हणजे यूटीसीत, रूपांतरित करून ठेवला तरी त्यातील काहीही हरवत नाही. ‘रोज सकाळी ८.३०’ हा मात्र नियम आहे. तो एखाद्या ठिकाणच्या घड्याळाशी बांधलेला असतो आणि ते ठिकाण नोंदवले नाही, तर नियमाचा अर्थ अपुरा राहतो. वेळापत्रकांतील बहुतेक गंभीर चुका नियमाला क्षणासारखे वागवल्यामुळे होतात.

पर्जन्यमापनाचे उदाहरण

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार दैनंदिन पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजला जातो. आदल्या दिवशीच्या ८.३० पासून त्या क्षणापर्यंत पडलेला पाऊस, मोजणी ज्या तारखेला झाली त्या तारखेच्या नावे लिहितात. ही वेळ केवळ कार्यालयीन सोयीसाठी ठरवलेली नाही. जगभरच्या वेधशाळा यूटीसीनुसार ०, ३, ६, ९, १२, १५, १८ आणि २१ वाजता ठरावीक निरीक्षणे घेतात. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे ३ वाजताचे निरीक्षण भारतात ८.३० वाजता येते.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत या आकड्यांना विशेष महत्त्व आहे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाचे पाणी थोड्याच काळात महाडपर्यंत उतरते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल महाडजवळ पुरात कोसळला आणि वाहने प्रवाहात वाहून गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुराच्या पाण्यात गेले. २३ जुलैच्या सकाळी ८.३० वाजता संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

हा आकडा २३ जुलैच्या नावे असला, तरी त्या चोवीस तासांपैकी साडेपंधरा तास २२ जुलैचे आहेत. तारखेचा हा संकेत ठाऊक नसलेल्या वाचकाला दरड आदल्या दिवशी आणि पाऊस दुसऱ्या दिवशी झाला असे वाटू शकते. एखाद्या संगणकप्रणालीने मध्यरात्र ते मध्यरात्र अशी बेरीज केली, तर त्याच पावसाचे दोन तारखांत वेगळे विभाजन होईल. तिसरी प्रणाली यूटीसीची मध्यरात्र धरून चालली, तर तिचा दिवस भारतात पहाटे ५.३० वाजता बदलेल. तिन्ही बेरजा गणिताने बरोबर असतील, परंतु त्यांची एकमेकींशी तुलना करता येणार नाही.

अशी नोंद रोज गोळा करणारी प्रणाली बनवायची आहे, असे समजू. संगणक भारतीय प्रमाणवेळेवर चालत असेल, तर पुढील ओळ पुरेशी आहे. (प्रत्यक्षात अशा ओळी आंतरराष्ट्रीय अंकांत लिहितात. येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरी अंक वापरले आहेत.)

३० ८ * * *

हीच ओळ यूटीसीवर चालणाऱ्या संगणकावर ठेवली, तर काम भारतात दुपारी २ वाजता होईल. ओळीत चूक नाही, संगणकात बिघाड नाही आणि प्रणाली कोणतीही तक्रार करत नाही, तरी सकाळचा आकडा साडेपाच तास उशिरा हाती येतो. सावित्रीच्या खोऱ्यात साडेपाच तासांत पाणी बाजारपेठेत शिरू शकते. यूटीसीवर हवी असलेली ओळ अशी आहे:

० ३ * * *

क्रॉनची लेखनपद्धती

वरील ओळी ज्या पद्धतीने लिहिल्या आहेत तिला क्रॉन म्हणतात. बेल प्रयोगशाळेतून १९७९ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही प्रणाली होती. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली आवृत्ती पुढे सर्वदूर पसरली आणि आज प्रचलित असलेले बहुतेक संकेत तिच्यातून आले आहेत.

क्रॉनच्या ओळीत पाच रकाने असतात. डावीकडून अनुक्रमे मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), महिन्याची तारीख (१ ते ३१), महिना (१ ते १२) आणि वार (० ते ७, त्यांत ० आणि ७ हे दोन्ही रविवार) असा त्यांचा क्रम आहे. तारका म्हणजे ‘प्रत्येक’, स्वल्पविरामाने यादी, आडव्या रेघेने पल्ला आणि तिरप्या रेघेने टप्पा दर्शवतात. यूटीसीवर दर तीन तासांनी होणारी निरीक्षणे ‘० */३ * * *’ अशी लिहिता येतात. तीच भारतीय प्रमाणवेळेत ‘३० २-२३/३ * * *’ अशी होतात, कारण आपल्याकडे ती २.३०, ५.३०, ८.३० अशा क्रमाने २३.३० पर्यंत येतात.

टप्प्याचे चिन्ह फसवे आहे. मिनिटाच्या रकान्यात ‘*/४०’ लिहिणाऱ्याला दर चाळीस मिनिटांनी काम व्हावे असे वाटत असते. क्रॉन मात्र प्रत्येक तासात ० पासून नव्याने मोजतो. त्यामुळे काम पूर्ण तासाला आणि चाळिसाव्या मिनिटाला होते, म्हणजे एक अंतर चाळीस मिनिटांचे आणि पुढचे वीस मिनिटांचे असते. तासाच्या रकान्यातील ‘*/७’ हाही असाच ०, ७, १४ आणि २१ वाजता येतो आणि मध्यरात्री, तीनच तासांनी, पुन्हा सुरू होतो. क्रॉन घड्याळाच्या तबकडीकडे पाहतो, मागच्या कामापासून किती वेळ गेला हे तो मोजत नाही.

पदपरिस्फोट

ओळीचा अर्थ लावण्याच्या क्रियेला संगणनात पार्सिंग म्हणतात. मराठी व्याकरणात वाक्यातील प्रत्येक पद वेगळे करून त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि अन्य पदांशी असलेला संबंध सांगण्याला पदपरिस्फोट म्हणतात. शाळेतील जुन्या शब्दांत याला व्याकरण चालवणे असे नाव आहे. संगणकाचे काम त्याहून फारसे निराळे नाही. प्रथम रिकाम्या जागांवर ओळ तोडून रकाने वेगळे करायचे, मग प्रत्येक रकाना स्वल्पविरामांवर तोडायचा, प्रत्येक तुकड्यात पल्ला आणि टप्पा आहे का हे पाहायचे आणि शेवटी त्या रकान्याला मान्य असलेल्या संख्यांचा संच तयार करायचा. ‘२-२३/३’ या तुकड्याचा संच २, ५, ८, ११, १४, १७, २०, २३ असा होतो.

व्याकरणात शब्दाचे रूप तेच राहून त्याचे कार्य वाक्यानुसार बदलते, तसेच येथेही होते. ‘३०’ हा अंक मिनिटाच्या रकान्यात निर्दोष आहे, तासाच्या रकान्यात अशक्य आहे, आणि तारखेच्या रकान्यात फेब्रुवारी सोडून इतर महिन्यांत चालतो. शिवाय सर्व प्रणालींची बोली एक नाही. क्वार्ट्झ या जावा भाषेतील प्रणालीत आरंभी सेकंदांचा रकाना असतो आणि तिच्यात रविवारचा अंक १ आहे. त्यामुळे एका प्रणालीतील ओळ दुसरीत जशीच्या तशी उचलून ठेवली, तर रकाने एक घर सरकतात किंवा सोमवारचे काम रविवारी होते.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने अंकांचाही प्रश्न आहे. पायथॉन भाषेत मजकुराचे संख्येत रूपांतर करणारी क्रिया देवनागरी ‘३०’ स्वीकारते. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याचा नेहमीचा नमुना फक्त आंतरराष्ट्रीय अंकच ओळखतो. एकाच संकेतस्थळाचा पडद्यावरचा भाग एका भाषेत आणि सर्व्हरवरचा भाग दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल, तर एकाने नाकारलेली ओळ दुसरा विनातक्रार मान्य करील. अशा वेळी सर्व अंक आरंभीच एका रूपात आणणे आणि मगच पुढची तपासणी करणे इष्ट ठरते.

वैधता-पडताळणी

पडताळणीचे पहिले दोन स्तर सोपे आहेत: रकान्यांची संख्या बरोबर आहे का आणि प्रत्येक अंक आपल्या मर्यादेत आहे का. खरी अडचण त्यानंतर येते. ‘० ९ ३१ २ *’ या ओळीतील प्रत्येक अंक मर्यादेत आहे, परंतु ३१ फेब्रुवारी ही तारीख कधीच येत नाही. ही ओळ स्वीकारली जाते आणि काम कायमचे निद्रिस्त राहते. याउलट ‘० ९ २९ २ *’ ही ओळ विचित्र दिसली तरी वैध आहे. ती साधारणपणे चार वर्षांनी एकदा चालते. २१०० हे वर्ष लीप वर्ष नसल्याने २०९६ नंतर मात्र ती थेट २१०४ मध्ये चालेल. पुढील पाच वर्षांत तारीख सापडली नाही म्हणजे ओळ चुकीची, असा निकष लावणारी प्रणाली त्या वेळी चुकीचा निवाडा देईल.

सर्वांत अधिक गैरसमज तारीख आणि वार या दोन रकान्यांच्या संबंधाविषयी आढळतो. महाराष्ट्रात जिल्हास्तरावरील लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि तालुकास्तरावरील लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी असतो. पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता स्मरणसंदेश पाठवायचा असेल, तर १ ते ७ या तारखांतला सोमवार, असा विचार करून पुढील ओळ लिहिली जाते:

० १० १-७ * १

क्रॉनच्या संकेतानुसार तारीख आणि वार दोन्ही दिलेले असतील, तर त्यांतील कोणतीही एक अट जुळली की काम होते. म्हणून हा संदेश पहिल्या सातही दिवशी आणि त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी, म्हणजे महिन्यातून दहा किंवा अकरा वेळा जाईल. इतर रकान्यांमध्ये ‘आणि’चा संबंध असताना या दोघांतच ‘किंवा’ असावा, हे भाषेच्या दृष्टीने विसंगतच आहे. परंतु जुन्या ओळी मोडू नयेत म्हणून तो संकेत टिकून राहिला आहे. यावर रूढ उपाय असा की ओळ १ ते ७ तारखांपुरती ठेवायची आणि आज सोमवार आहे का, हे कामाच्या आत तपासायचे. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीसाठी १९९८ मध्ये ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या आयकॅलेंडर या मानकात ‘महिन्याचा पहिला सोमवार’ थेट लिहिण्याची सोय आहे.

या प्रकारच्या ओळी नियमाच्या आधारे नाकारता येत नाहीत, कारण त्या नियमाने शुद्ध असतात. लिहिणाऱ्याचा हेतू आणि ओळीचा अर्थ यांतील अंतर दाखवणे एवढेच प्रणालीला शक्य असते. ओळ जतन करण्यापूर्वी तिची पुढील दहा-बारा आवर्तने तारीख, वार आणि स्थानिक वेळेसह दाखवणे हा त्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. लोकशाही दिनाच्या ओळीखाली १, २, ३, ४ अशा लागोपाठ तारखा उमटल्या, की क्रॉन न जाणणाऱ्या लिपिकालाही चूक कळते.

कालक्षेत्र आणि त्याचा इतिहास

यूटीसीपासूनचे अंतर आणि कालक्षेत्र या दोन गोष्टी भिन्न आहेत. ‘साडेपाच तास पुढे’ हे केवळ अंतर आहे. कालक्षेत्र म्हणजे त्या प्रदेशात कोणत्या काळी कोणते अंतर लागू होते, याचा पूर्ण इतिहास आणि भविष्यातील ज्ञात नियम. हा इतिहास आयाना या संस्थेच्या कालक्षेत्र-कोशात ठेवलेला असून जगातील बहुतेक संगणक आणि दूरध्वनी त्याचाच आधार घेतात. त्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हे नाव आहे. ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने रूपही अद्याप स्वीकारले जाते.

भारताचे घड्याळ नेहमीच आजच्यासारखे नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली, परंतु मुंबई शहराने ती लगेच स्वीकारली नाही. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत वापरात राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या अवधीत देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे होते. कालक्षेत्र-कोशात हा युद्धकालीन तास नोंदलेला आहे, पण मुंबई वेळेला स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे १९३० सालच्या मुंबईतील कागदपत्रावर मुंबई वेळ असेल, तर ‘एशिया/कोलकाता’ लावून केलेले रूपांतर ३९ मिनिटांनी चुकते.

आद्याक्षरांवर विसंबणे धोक्याचे आहे. ‘आयएसटी’ ही तीन अक्षरे भारतीय प्रमाणवेळेसाठी वापरतात, तशीच ती इस्रायल आणि आयर्लंड येथील वेळांसाठीही वापरली जातात. म्हणून पडताळणी करणाऱ्या प्रणालीने आद्याक्षरे न स्वीकारता कोशातील पूर्ण नाव मागावे, हे उचित.

कालक्षेत्र कोठे नोंदवायचे, याबाबत प्रणालींत एकवाक्यता नाही. जुन्या क्रॉनमध्ये संगणकाचे स्थानिक घड्याळच प्रमाण मानले जाते. काही आवृत्त्यांत ओळींच्या वर कालक्षेत्राचे नाव लिहिता येते. गिटहब ॲक्शन्स या सेवेत वेळापत्रके दीर्घकाळ यूटीसीतच लिहावी लागत. कुबरनेटिस या प्रणालीत कालक्षेत्रासाठी स्वतंत्र रकाना आला आणि तो २०२३ मधील १.२७ आवृत्तीत पक्का झाला. त्याआधी काही जण वेळापत्रकाच्या ओळीतच कालक्षेत्राचे नाव घुसडत असत. ही अनधिकृत पद्धत पुढे पडताळणीत नाकारली जाऊ लागली.

‘सर्व काही यूटीसीत लिहावे’ हा सल्ला वारंवार दिला जातो. झालेल्या घटनांच्या नोंदींसाठी तो योग्य आहे, पण आवर्ती नियमांसाठी अपुरा आहे. भारतात दर सोमवारी पहाटे ४ वाजता करायचे काम यूटीसीत रविवारी रात्री १०.३० वाजता येते. म्हणून तास आणि मिनिटांबरोबर वारही बदलावा लागतो:

३० २२ * * ०

वार बदलण्याचे विसरले, तर काम मंगळवारी पहाटे होते. महिन्याच्या १ तारखेला पहाटे ४ वाजता करायचे काम तर याहून अवघड आहे. यूटीसीत ते आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी येते आणि तो दिवस कधी २८, कधी २९, ३० किंवा ३१ असतो. मूळ पाच रकान्यांच्या क्रॉनमध्ये ‘महिन्याचा अखेरचा दिवस’ म्हणण्याची सोय नाही. क्वार्ट्झमध्ये त्यासाठी वेगळे अक्षर आहे. भारतीय वेळेत अगदी साधा असलेला नियम यूटीसीत एका ओळीत मांडताच येत नाही.

उन्हाळी वेळ

भारतात आता घड्याळ पुढे-मागे केले जात नाही. त्यामुळे येथे लिहिलेली आणि येथेच तपासलेली प्रणाली वर्षभर निर्दोष चालते आणि तिच्यातील दोष परदेशी वापरकर्त्यालाच प्रथम दिसतो. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात. ९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे २.३० वाजलेच नाहीत आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी पहाटेचे १.३० दोनदा वाजले. ‘रोज २.३०’ हे काम पहिल्या दिवशी गाळायचे की पुढे ढकलायचे आणि ‘रोज १.३०’ हे काम दुसऱ्या दिवशी एकदा करायचे की दोनदा, हे प्रणालीला आधी ठरवावे लागते. आयकॅलेंडरच्या मानकानुसार अस्तित्वात नसलेली वेळ बदलापूर्वीचे अंतर धरून वाचतात, म्हणून २.३० चे ३.३० होतात. दोनदा येणाऱ्या वेळेपैकी पहिली धरतात. व्हिक्सीच्या क्रॉनच्या प्रचलित आवृत्त्या ठरावीक वेळेची गाळली गेलेली कामे बदलानंतर लगेच करतात आणि पुनरावृत्त तासात ती दुसऱ्यांदा करत नाहीत.

महाडमधील एखादे शिक्षक न्यू जर्सीतील मराठी मुलांना दर रविवारी दूरस्थ पद्धतीने मराठी शिकवतात, असे समजू. वर्ग तेथील सकाळी ९ वाजता आहे. उन्हाळ्यात त्या वेळी महाडमध्ये सायंकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० वाजलेले असतात. नियम ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ या कालक्षेत्रात जतन केला, तर मुलांची वेळ स्थिर राहते आणि शिक्षकांची सरकते. ‘एशिया/कोलकाता’मध्ये ६.३० असा जतन केला, तर हिवाळ्यात मुलांना सकाळी ८ वाजता बसावे लागेल. येथे तांत्रिकदृष्ट्या बरोबर किंवा चूक असे काही नाही. वेळापत्रकाचे यजमानपद कोणत्या घड्याळाकडे आहे, हे माणसांनी ठरवून प्रणालीला सांगायचे असते. त्यात लंडनचा एखादा विद्यार्थी असेल, तर गुंतागुंत आणखी वाढते. युरोपातील बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणून ९ ते ३० मार्च २०२५ या तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांतील अंतर पाचऐवजी चार तास होते.

कालक्षेत्रांचे नियम शासन ठरवते आणि ते ऐनवेळी बदलूही शकते. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय अगदी अखेरच्या दिवसांत झाला. तो सर्वांनी पाळला नाही आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालू होत्या. सामोआ बेटांनी आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा तेथे ३० डिसेंबर २०११ हा दिवसच आला नाही. अशा कारणांमुळे दूरच्या भविष्यातील आवर्तने आजच यूटीसीत काढून साठवून ठेवणे योग्य नाही. मूळ नियम आणि कालक्षेत्राचे नाव जतन करावे आणि पुढील क्षण वेळोवेळी अद्ययावत कोशावरून काढावा.

चुकलेली आवर्तने

नेमक्या वेळी संगणक बंद असेल, तर काम राहून जाते. जुलै २०२१ च्या पुरात महाड परिसरातील वीज आणि दूरध्वनी सेवा खंडित झाल्या होत्या. ज्या वेळी नोंदींची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी त्या चुकण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. साधा क्रॉन चुकलेले काम पुन्हा करत नाही. ॲनाक्रॉनसारख्या प्रणाली संगणक सुरू झाल्यावर ते भरून काढतात.

भरून काढणे नेहमी हितकारक असते असे नाही. साध्या पर्जन्यमापकाच्या बाटलीत पाणी साचत राहते. एक दिवसाची मोजणी चुकली, तर दुसऱ्या दिवशी मिळणारा आकडा अठ्ठेचाळीस तासांचा असतो आणि तो तसाच नोंदवावा लागतो. तो एका दिवसाचा म्हणून लिहिला, तर इतिहासात न झालेली अतिवृष्टी नोंदली जाते. नदीच्या पातळीचे तसे नाही, कारण काल सकाळची पातळी आज मोजता येत नाही, ती जागा रिकामीच ठेवावी लागते. पुराच्या इशाऱ्याचा संदेश तर उशिरा धाडणेच घातक आहे. वीज परतल्यावर साठलेले संदेश एकदम सुटले, तर ओसरलेल्या पुराचा इशारा लोकांपर्यंत पोहोचेल आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडेल. म्हणून प्रत्येक कामासाठी किती उशीर चालेल, याची मुदत वेळापत्रकातच नोंदवण्याची सोय आधुनिक प्रणालींत असते.

क्रॉनमध्ये न बसणारी आवर्तने

ऋतूनुसार बदलणारी वेळापत्रके क्रॉनमध्ये ओढूनताणून बसवता येतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर या काळात लागू होत असे. महाड तालुक्यातील वीर स्थानकावरच्या गाड्यांच्या वेळाही त्यानुसार बदलत. या काळात रोज सकाळी ६ वाजता करायचे काम एका ओळीत लिहिता येत नाही, त्याला दोन ओळी लागतात:

० ६ १०-३० ६ *
० ६ * ७-१० *

चंद्रावर आधारलेली आवर्तने मात्र क्रॉनच्या आवाक्याबाहेर आहेत. रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. तेथे शिवराज्याभिषेकाचा सोहळा ६ जून या तारखेला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या तिथीला असा दोनदा साजरा होतो. ६ जूनचे स्मरण ‘० ६ ६ ६ *’ या ओळीने कायमचे लावून ठेवता येते. त्रयोदशीची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, अधिक मास आला तर ती बरीच पुढे जाते आणि तिथीचा आरंभ व अंतही घड्याळाच्या ठरावीक वेळी होत नाही. तिच्यासाठी पंचांगाचे गणित किंवा आधीच काढलेल्या तारखांची यादी लागते.

समुद्राच्या भरतीचेही असेच आहे. लागोपाठच्या दोन भरतींत सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणून आज सकाळी ज्या वेळी भरती आली, तिच्या सुमारे ५० मिनिटे नंतर ती उद्या येते. सावित्रीच्या खाडीत भरतीचे पाणी चढलेले असताना नदीचे पुराचे पाणी लवकर ओसरत नाही. त्यामुळे महाडच्या पुराचा अंदाज बांधताना पाऊस आणि भरती यांची सांगड घालावी लागते. यांतील पावसाची मोजणी घड्याळाने ठरते आणि भरती चंद्राने ठरते. पावसाच्या मोजणीला ‘० ३ * * *’ ही यूटीसीतील ओळ वर्षानुवर्षे पुरते, तर भरतीसाठी वेळांचे कोष्टक दरवर्षी नव्याने भरून प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.